लपणीवरची कावळी आणि आमचा मामा

ताक फुंकून पिणारी माणसं असतात, आमचा मामा पाणीही फुंकून पितो. दूध आधी वासानं तपासतो, मग चमच्यानं, मग मामीच्या चेहऱ्याकडे बघून. तिन्हीकडे पास झालं तरच कप ओठाला लावतो. बसवर नंबर लिहिलेला असतो तरी चढायच्या आधी कंडक्टरला विचारतो, कंडक्टरनं सांगितलं की आतल्या कुणालातरी विचारतो, आणि बसल्यावर पुढच्या सीटवरच्या माणसाला विचारतो की हे दोघं एकमेकांना ओळखतात का.

माझी आई म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण. तिनं फोन केला तरी हा म्हणणार, "बोला, कोण पाहिजे?"

"अरे मी."

"मी म्हणजे कोण?"

मग आई म्हणते, "लहानपणी तुला पाळण्यातून पाडलं ती." मग त्याची ओळख पटते.

घरात सगळे त्याला शंकासुर म्हणतात. तोंडावर म्हणतात. त्याला त्याचं काही वाटत नाही, फक्त हे नाव आधी कुणी काढलं ते त्याला अजून शोधायचंय.

पण खरं सांगू का, त्याला नुसतं हसून सोडून देणं मला जमत नाही. मी कॉलेजसाठी त्यांच्याकडेच राहते, मागच्या खोलीत, त्यामुळे मला माहितीये तो असा का झाला. तो आधी एका कारखान्याच्या गेटवर झडतीला होता. शिफ्ट सुटली की कामगारांच्या पिशव्या उघडायच्या, डब्यांची बुडं वाजवून बघायची, आत पितळेचा तुकडा नाही ना. सगळं तरुणपण त्यानं दुसऱ्यांच्या रिकाम्या डब्यांत बघण्यात घालवलं. पुढे कारखाना बंद पडला आणि याला शहराबाहेरच्या अभयारण्यात काम मिळालं. शेवटच्या स्टॉपवर उतरलं की गेट, गेटमागे गवताळ मैदान, त्यात हरणं, आणि मैदान संपलं की मोठी दलदल आणि डोह. डोहाच्या काठावर लाकडी लपण आहे. लपण म्हणजे एक अंधारी खोली, समोर आडवी फट, बाजूला एक छोटी फट, आत एक बाक. माणसानं आत बसायचं आणि फटीतून बघायचं.

मामाचं काम जगात कुणाला सांगून खरं वाटणार नाही. त्याचं काम परत जाण्याचं आहे. पाखरांना, जनावरांना कळतं की लपणीत कुणीतरी शिरलं. मग ती पुढे येतच नाहीत. पण बहुतेकांना मोजता येत नाही. त्यामुळे मामा लोकांना घेऊन आत जातो, त्यांना बसवतो, आणि मग एकटाच, सगळ्या डोहाला दिसेल असा, सावकाश परत जातो. पाखरांना वाटतं, गेली ब्याद. मग थोड्या वेळात टिबुकल्या बाहेर येतात, बगळा उतरतो, नशीब असेल तर ऊद दिसतात, ती लांबलचक चपळ पाणमांजरं.

मी एकदा त्याला विचारलं होतं, "तू कधी आत बसून बघितलंस का रे?"

"मी बसलो तर परत कोण जाणार?" तो म्हणाला.

इतकी वर्षं तो लोकांना ऊद दाखवतोय आणि त्यानं स्वतः आतून एकदाही बघितलेले नाहीत. हे ऐकून मी त्या दिवशी जेवले नव्हते नीट. तो मात्र मस्त जेवला. भाजीतला लसूण बाजूला काढून, का तर नेहमीपेक्षा वेगळा दिसत होता.

आता मामी. मामी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरला आहे आणि मागे इस्त्रीही तीच बघते. कपडा धुवायला टाकायच्या आधी खिसे तपासायचे हे तिचं कामच. तिच्या हातात कोट दिला तर तो घालणारा डावखुरा आहे का, सिगारेट सोडलीये असं बायकोला खोटं सांगतोय का, हे ती सांगते. म्हणजे बघा, एक माणूस डबे तपासणारा आणि एक खिसे तपासणारी, आणि यांचा संसार आजवर सुरळीत चालला, कारण दोघांकडेही एकमेकांना सापडण्यासारखं काही नव्हतं.

गेल्या महिन्यात सापडलं.

मी अभ्यास करत होते, म्हणजे पुस्तक उघडं होतं. मामी आत आली, दार लावलं आणि टेबलावर एक स्कार्फ पसरला. जांभळा, मऊ, बायकांचा.

"मामाच्या बॅगेत होता. तळाशी. पेपरात गुंडाळून."

मी म्हटलं, "तुझ्यासाठी आणला असेल."

"नवीन नाहीये. कडा बघ, वापरून वापरून वळल्यात. इथे गाठ बसते रोज. धुतलेला नाही. आणि हे." तिनं दिव्याच्या उजेडात एक लांब केस धरला. मग स्कार्फ माझ्या नाकाला लावला. अत्तर होतं. जुनं, पण होतं.

मी म्हटलं, "मामा? आपला मामा? तो अत्तराच्या बाटलीवरची तारीख वाचण्यातच बाई निघून जाईल."

मामी हसली नाही. "गेले काही आठवडे बॅग जड असते. पाल चुकचुकली होतीच मनात. मी सहज म्हटलं, अहो, बॅग फुगलेली दिसते हल्ली. तर म्हणाले, कुणी सांगितलं तुला?"

"मग सरळ विचार ना."

"विचारलं की ते मला विचारणार, माझ्या बॅगेत हात का घातलास. आणि तो प्रश्न रात्रभर चालणार. माझा प्रश्न राहणार बाजूला." तिनं स्कार्फची घडी घातली, अगदी होती तशी. "मी बॅग भरून ठेवलीये पलंगाखाली. रविवारी माझ्या ताईकडे जाणार. परत यायचं की नाही ते शनिवारी ठरवीन. आधी डोळ्यांनी बघायचंय. तू येणार माझ्याबरोबर."

ती इतकी शांत बोलत होती की मला रडू आलं आणि तिला नाही आलं. मी हो म्हटलं. मामी गेली तर मामाच्या दुधाची तपासणी कुणाच्या चेहऱ्यावर व्हायची, हाच विचार डोक्यात.

शनिवारी मामा नेहमीसारखा सकाळीच गेला, दाराचं लॅच बाहेरून ओढून बघून, आम्ही आत असताना. मग मामीनं माझं टोपीवालं जॅकेट घातलं, माझा काळा गॉगल लावला, तोंडाला मास्क लावला. आरशात बघून म्हणाली, "मीच मला ओळखणार नाही."

"मामी, तू दरोडा घालायला निघाल्यासारखी दिसतेस."

"तेच करतेय. फक्त माल माझाच आहे."

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा त्या अभयारण्यात आली आणि आली ती अशी. गेटवर तिकिटाच्या खिडकीत एक बाई होती. मामीनं मला कोपर मारलं. "ही?"

"हिचे केस मानेपर्यंत पण नाहीत. केस लांब होता."

"कापले असतील. पुरावा नको म्हणून."

चहाच्या टपरीवरची बाई आमच्या आजीच्या वयाची होती, तीही मामीच्या यादीतून सुटली नाही. मी तिथून दुर्बीण भाड्यानं घेतली आणि आम्ही मैदानाच्या कडेला एका बाकावर बसलो. समोर हरणांचा कळप चरत होता, पलीकडे एक ससा कान टवकारून उभा होता, तारेवर खंड्या असा निळा चमकत होता की बघतच राहावं. मामीनं दुर्बीण डोळ्याला लावली ती थेट मामावर. तो खाकी जॅकेट, खाकी टोपी घालून पाटी पुसत होता. पुसत होता आणि दर थोड्या वेळानं वळून मागे बघत होता. ही त्याची सवय, रस्त्यानं चालतानाही दहा पावलं गेला की मागे बघणार.

शेजारी पक्षी बघायला आलेले एक आजोबा उभे होते. ते मामीला हळूच म्हणाले, "काय दिसतंय तिकडे?"

"नर आहे," मामी म्हणाली. "अजून तरी एकटाच आहे."

"मादी जवळपास असेल. नजर ठेवा."

"ठेवलीये," मामी म्हणाली.

मला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात मामानं बॅग उचलली, मागे बघितलं, डावीकडे बघितलं, आणि झाडांआड पंपाची खोली आहे तिथं शिरला. दार लावून घेतलं. मामीनं दुर्बीण त्या दारावरच रोखून धरली.

थोड्या वेळानं दार उघडलं आणि आतून एक बाई बाहेर आली.

खरंच सांगते, बाई. डोक्यावरून, तोंडावरून जांभळा स्कार्फ गुंडाळलेला, अंगात फुलाफुलांचा ढगळा कोट, खांदे पाडून चाललेली. तिनं दार ओढून घेतलं आणि वाटेवर एक फोटोवाला थांबला होता, खांद्यावर तोफेएवढा कॅमेरा, त्याला मान हलवून ती लपणीकडे निघाली.

मामीनं दुर्बीण खाली घेतली. "आत दोघं होती," ती म्हणाली. "एक बाहेर आली. दुसरा आतच आहे. हीच युक्ती ना याची? इतकी वर्षं पाखरांवर केली, आता माझ्यावर."

ती उठली आणि तरातरा पंपाच्या खोलीकडे गेली. मी मागे धावले. माझी खात्री होती की आत आता काहीतरी भयंकर बघावं लागणार. मामीनं लाथेनंच दार उघडलं. आत पंप, झाडू, रबरी नळी, आणि एक पुठ्ठ्याचा खोका, त्यात हातमोजे, छत्र्या, एकेकटे पडलेले बूट. खिळ्याला खाकी जॅकेट आणि टोपी. मामा नाही.

"कुठे गेला?" मी म्हटलं. मागे दुसरं दार नव्हतं, खिडकी नव्हती.

मामीनं खिळ्यावरचं जॅकेट आणि टोपी काढून माझ्या बॅगेत कोंबली. "पुरावा," म्हणाली. मग वाटेकडे बघत राहिली. ती बाई आणि फोटोवाला लांब निघाले होते. मामीनं दुर्बीण लावली आणि अगदी हळू म्हणाली, "त्या बाईनं तुझ्या मामाची पॅंट घातलीये."

"काय?"

"ती घडी माझी आहे. गुडघ्याखाली मी दोनदा दाबते, दुकानात दुसरं कुणी दाबत नाही. माझ्या इस्त्रीची पॅंट घालून फिरतेय ती."

आता माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला होता, पण मामीला नाही. संशय एकदा डोक्यात बसला की माणसाला हाताच्या काकणालाही आरसा लागतो. मी म्हटलं, "मामी, मला वाटतं ती बाई—"

"चल," ती म्हणाली.

लपणीच्या वाटेवर बोलायचं नाही आणि मागे वळायचं नाही असा नियम आहे, तशी पाटीच आहे. त्यामुळे आम्ही दोघी त्या दोघांच्या मागे गुपचूप चालत गेलो. डोहाजवळ एक वठलेलं झाड होतं, त्याच्या शेंड्यावर एक कावळी बसली होती. तिनं मान वाकडी करून आम्हाला सगळ्यांना एकेक करून बघितलं. गप्प बसली. आम्ही लपणीत शिरलो, दार लागलं, अंधार झाला. फोटोवाला समोरच्या फटीशी बसून कॅमेरा लावायला लागला. ती बाई वळली. फटीतून येणाऱ्या उजेडात स्कार्फच्या आत मिशी दिसली.

मामा होता. त्यानं आधी मला बघितलं.

"टकळे," तो कुजबुजला. तो मला टकळी म्हणतो. "तू इथे? कुणी पाठवलं तुला?"

मामीनं गॉगल काढला. मास्क काढला. मामाचा चेहरा जो झाला तो मी शब्दांत सांगू शकत नाही, जांभळ्या चौकटीत पांढरा.

"हे काय आहे?" मामी म्हणाली.

"शू," फोटोवाला म्हणाला.

मग मी आयुष्यातलं सगळ्यात विचित्र भांडण ऐकलं. पूर्ण भांडण, पण कुजबुजत.

"हा स्कार्फ कुणाचा?"

"माहीत नाही."

"गळ्यात घालून फिरताय आणि माहीत नाही?"

"हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यातला आहे. लोक विसरून जातात. कोट पण त्यातलाच. खोक्यात ठेवलं तर कुणी नेईल म्हणून बॅगेत घेऊन येतो, कधी कोट, कधी स्कार्फ. तू माझ्या बॅगेत हात घातलास?"

"आला तो प्रश्न. मला माहीत होतं. कशासाठी घालता हे?"

मामानं फटीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, फोटोवाल्याकडे बघितलं आणि मामीच्या कानाशी तोंड नेलं. "ती कावळी."

"कोण?"

"बाहेरची. झाडावरची. ती मला ओळखते."

"शू," फोटोवाला.

"गेल्या वर्षी तिचं पिल्लू वाटेवर पडलं होतं," मामा म्हणाला. "मी उचलून फांदीवर ठेवलं. तेवढ्यात ती आली. तिनं काय बघितलं? खाकी जॅकेट, आणि हातात तिचं पोर. तेव्हापासून खाकी दिसलं की ती अशी बोंब मारते की सगळा डोह रिकामा होतो. पलीकडच्या काठाला उदाची मादी आहे, पिल्लं आहेत तिला. कावळी ओरडली की ती बिळातून नाक बाहेर काढत नाही. लोक येतात, रिकामं पाणी बघून जातात. मग मी कपडे बदलायला लागलो. साधा कोट चालेना, तिला माझी मान कळते. म्हणून स्कार्फ."

मामी त्याच्याकडे बघत राहिली. "कावळीसाठी तुम्ही बाई होता?"

"रोज नाही. शनिवार रविवार आणि गर्दी असली की."

"मला वेडी समजता?"

"म्हणूनच सांगितलं नाही," मामा म्हणाला. "साहेबांना काय सांगू, कावळी माझ्यावर संशय घेते? आणि घरी सांगितलं असतं तर ताईनं मला मरेपर्यंत काव काव करून हाक मारली असती."

हे मात्र खरं होतं. माझ्या आईनं नक्की मारली असती.

"आणि तो केस? अत्तर?"

"ज्या बाईचा हरवला तिचे. मला कसं माहीत असणार?"

"धुतला का नाही मग?"

"तुझ्यापासून लपवून धुवायचा कुठे? तू धुण्यातच काम करतेस."

मला वाटलं सुटलं सगळं. पण मामी इस्त्रीवाली आहे, सुरकुती राहिली तर तिला चालत नाही. तिनं माझ्या बॅगेतून खाकी जॅकेट काढलं आणि घालायला लागली.

"अगं काय करतेस?"

"तुम्ही बसा. आज मी परत जाते." तिनं टोपी घातली, केस आत खोचले. "कावळी खाकीला ओळखते ना? बघू. खरं असेल तर मला सोडणार नाही. आणि काही झालं नाही, तर मी थांबणार नाही. घरून बॅग घेऊन आजच ताईकडे. मग तुम्ही आणि तुमचा खोका."

"कुठली बॅग?" मामानं विचारलं.

"पलंगाखालची."

मामानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो बाकावर बसला. मामी दार उघडून बाहेर गेली.

आम्ही बाजूच्या छोट्या फटीला डोळे लावले, एक त्याचा, एक माझा. बाहेर ऊन होतं. मामी वाटेवरून सावकाश निघाली. कावळी शेंड्यावर. तिनं मान वाकडी केली. मामीकडे बघितलं. आणि पंखात चोच घालून खाजवायला लागली.

"ओरड," मामा पुटपुटला.

मामी चालत राहिली. कावळी खाजवत राहिली. मामीची पाठ ताठ होत चालली होती, मला लांबून दिसत होतं, एकेक पाऊल जड पडत होतं. तिलाही ऐकू यायला हवं होतं ते. तिला खोटं ठरायचं होतं, शप्पथ सांगते.

"ओरड ना बाई," मामा म्हणाला. ज्या आवाजानं वर्षभर त्याच्या नाकी नऊ आणले होते तो आवाज तो मागत होता. "चालणं वेगळं आहे तिचं. म्हणून ओळखत नाहीये. माझ्यासारखं चाल म्हणावं. टकळे, तिला कसं सांगू?"

"शू," फोटोवाला म्हणाला, पण आता तोही वळून बघत होता.

वाट वळते तिथं मामी पोचली. थोडं पुढे गेली असती तर झाडाआड गेली असती आणि संपलं असतं. तिथं ती थांबली आणि वळून मागे बघितलं. लपणीकडे. डोळे बारीक करून, मान जराशी पुढे काढून, पक्क्या संशयानं. हुबेहूब मामा.

कावळी झाडावरून सुटली.

असा आवाज मी कावळ्याचा कधी ऐकला नव्हता. ती थेट मामीच्या टोपीवर आली, टोचून वर गेली, परत आली. मामीनं हात डोक्यावर धरले आणि पळत सुटली, खाकी जॅकेट फडफडतंय आणि वर कावळी, बोंब मारत, दोघी झाडांआड, मग मैदानाकडे. हरणं उधळलेली दिसली. आवाज लांब लांब गेला.

मामा उठला. "तिला लागेल."

फोटोवाल्यानं त्याचा कोट धरला. "आता कुणीही बाहेर जायचं नाही," तो म्हणाला. "बघा तरी."

डोहावर कावळी नव्हती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते झाड रिकामं होतं. पाणी स्थिर झालं. आधी टिबुकली वर आली, बुडाली. मग पलीकडच्या काठाला, मुळांच्या खाली, एक चपटं डोकं दिसलं, मिशांना पाणी लागलेलं. उदाची मादी. तिनं आमच्या लपणीकडे बराच वेळ बघितलं. मग पाण्यात सरकली आणि तिच्या मागे पिल्लं, एकमेकांच्या पाठीवर चढत, पडत, किंचाळत. एक तर आईच्या शेपटीलाच चावायला लागलं.

कॅमेरा खटखटत होता. मामा एकदा बाजूच्या फटीतून वाटेकडे बघत होता, एकदा समोर. वाट, डोह, वाट, डोह. स्कार्फचं टोक त्यानं दातात धरलं होतं. मग हळूहळू तो समोरच बघायला लागला. मी त्याच्याकडे बघत होते, त्यामुळे अर्धे ऊद मी बघितलेच नाहीत.

"बघितलंस?" मी कुजबुजले.

त्यानं डोळे पुसले. "तीनच पिल्लं आहेत," तो म्हणाला. "लोक मला चार सांगतात. चौथं कुठे गेलं?"

आम्ही गेटवर पोचलो तेव्हा मामी टपरीच्या बाकावर बसून चहा पीत होती. टोपी मांडीवर, तिला वरून एक भोक. जॅकेट काढून उलटं घडी घालून ठेवलेलं. कावळी तिकिटाच्या खिडकीवरच्या पत्र्यावर बसून अजून तिच्याकडे बघत होती आणि ती कावळीकडे.

मामा तिच्यासमोर उभा राहिला, फुलाफुलांचा कोट, स्कार्फ गळ्यात. टपरीवाल्या आजींनी त्याला बघून डोळे मिचकावले, त्यांना हे सगळं माहीत होतं म्हणजे.

"लागलं का?"

"टोपीला." मामीनं त्याला आपल्या कपातून चहा दिला. त्यानं फुंकला, वास घेतला, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. प्यायला. "कावळीचं बरोबर आहे," ती म्हणाली. "न विचारता कुणाच्या पोराला हात लावायचा नाही."

"पडलं होतं ते."

"तिला काय माहीत? तुम्ही तरी कुठे सांगितलंत तिला." मग ती त्याच्या गळ्यातला स्कार्फ नीट करायला लागली, गाठ सोडून पुन्हा बांधली. "आणि बाई व्हायचं तर पॅंटची घडी मोडत जा. लांबून ओळखू येते."

मला वाटलं होतं मामी आता बॅग उपसणार, कपडे परत कपाटात लावणार. रविवारी सकाळी बघते तर बॅग दारात. ती म्हणाली, "भरलेली बॅग रिकामी करायचा मला कंटाळा आहे. ताईकडे जाऊन किती दिवस झाले. जाते, येते." मामानं बॅग उचलली, हातात तोलून बघितली.

"जड आहे. किती दिवसांचे कपडे आहेत?"

"कुणी सांगितलं तुम्हाला कपडे आहेत म्हणून?" मामी म्हणाली.

तो तिला स्टॉपवर सोडून आला. बसचा नंबर कंडक्टरला विचारून, ड्रायव्हरलाही विचारून. घरी आला आणि फोनभोवती फिरायला लागला. दुपारपर्यंत त्यानं पलंगाखाली दोनदा वाकून बघितलं, तिथं आता काही नव्हतं तरी.

"टकळे, तिच्या ताईकडे फोन लाव. पोचली का विचार. मी लावायला सांगितला म्हणून सांगू नकोस."

मी लावला. पलीकडून मामीनंच उचलला, आणि मी तोंड उघडायच्या आधी म्हणाली, "बोला, कोण पाहिजे?"

मामानं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "मी," तो म्हणाला.

"मी म्हणजे कोण?"

मामानं दाराकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं, मी पुस्तकात डोकं घातलं. मग पाठ फिरवून, फोनवर हात धरून, लपणीत बोलतात तसं एकदम हळू म्हणाला, "काव."